रहस्य कळल्यावरही कृष्णधवल रहस्यपट पुन्हा का बघावासा वाटतो?

तापीकाठ (जळगाव)

'वो कौन थी?' मधली पांढऱ्या साडीतली बाई कोण, हे आमच्या पिढीत कुणाला ठाऊक नाही? चित्रपट १९६४चा. रहस्य फुटून साठ वर्षं उलटली. तरी रात्री कुठल्या चॅनलवर तो लागला की आमच्याकडे रिमोट खाली ठेवला जातो. रहस्यपट एकदाच बघायचा, खुनी सापडला की विषय संपला, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मग हे काय आहे? मला जे वाटतं ते मांडतो. तुम्ही भर घाला, पटलं नाही तर खोडून काढा. एकच विनंती, शेवट कुणी फोडू नका. हे चित्रपट न पाहिलेली पोरंही इथे वाचत असतात.

माझं म्हणणं असं की या चित्रपटांत जीव कथेपेक्षा काळोखात आहे. कथा पुष्कळदा साधीच असते. इस्टेट, वेषांतर, जुनी हवेली, तळघर. शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत कुणीतरी उभा राहून सगळा उलगडा करतो. तो नीटसा पटतोच असंही नाही. पण त्याआधीचे दोन तास अंगावर असतात.

'वो कौन थी?'ची सुरुवातच घ्या. मुसळधार पाऊस, रात्र, डॉक्टर एकटा गाडी चालवतोय. दिव्यांच्या झोतात रस्त्याच्या मधोमध पांढऱ्या साडीतली बाई. तो तिला गाडीत घेतो. गाडीचे वायपर बंद पडतात, काचेवर नुसतं पाणी. त्याला पुढचं काही दिसत नाही आणि ती शेजारी बसून शांतपणे रस्ता सांगते. तिला दिसतंय! उतरते ती कब्रस्तानाच्या फाटकाशी. या सगळ्यात ओरडणं नाही, रक्ताचे सडे नाहीत. एक गाडी, एक काच, दोन चेहरे आणि भोवती काळं. के. एच. कापडिया यांना या छायाचित्रणासाठी फिल्मफेअर मिळालं ते उगाच नाही. गाडीतला उजेड नीट बघा. साधनाचा चेहरा कधीच पूर्ण उजळत नाही. कपाळ उजळलं की डोळे काळोखात, डोळे दिसले की ओठ काळोखात. पूर्ण चेहरा दिसेना म्हणून आपण पुढे सरकून बसतो. दिग्दर्शक राज खोसलांनी पहिल्या पाच मिनिटांतच प्रेक्षकाला कामाला लावलेलं असतं.

त्याही आधीचा 'महल' (१९४९). कमाल अमरोहींचं हे पहिलं दिग्दर्शन आणि कॅमेऱ्यामागे जोसेफ विर्शिंग. हा मूळचा म्युनिकचा माणूस. 'लाइट ऑफ एशिया'साठी १९२५ मध्ये पहिल्यांदा भारतात आला, पुढे बॉम्बे टॉकीजमध्ये स्थिरावला, महायुद्धात जर्मन म्हणून इंग्रजांच्या नजरकैदेत पडला, सुटल्यावर परत कॅमेऱ्यामागे उभा राहिला. जर्मन मूकपटांनी सावल्यांना पात्रांसारखं वागवायला शिकवलं होतं. ती विद्या या माणसाच्या हातून आपल्याकडे आली. 'महल'मधला जिना, झोपाळ्यावरची ती आकृती, हे आज बघतानाही पाठीतून थंडावा जातो. आणि नायक कोण? आपल्या शेजारचा! अशोककुमार वाढले खंडव्यात. भुसावळहून गाडीत बसलं, बऱ्हाणपूर ओलांडलं की खंडवाच.

काही जण म्हणतात की रंग परवडत नव्हता म्हणून काळं-पांढरं, त्यात कसली आली कला! आपल्याकडे ते बऱ्याच अंशी खरं होतं, रंगीत फिल्म महाग आणि परदेशातून यायची. पण हिचकॉकचं काय? 'व्हर्टिगो' (१९५८) आणि 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' (१९५९) रंगीत काढून झाल्यावर त्याने 'सायको' (१९६०) मुद्दाम कृष्णधवल काढला. खर्च आटोक्यात ठेवायचा होताच, आपल्या टीव्ही मालिकेचीच माणसं त्याने कामाला घेतली. पण न्हाणीघरातल्या त्या प्रसंगात लाल रक्त लोकांना सोसणार नाही, हाही हिशोब होता. पडद्यावर जे वाहताना दिसतं ते चॉकलेटचं सिरप आहे. हे माहीत असूनही तो प्रसंग लागला की माझी बायको उठून आत जाते.

लिहा मंडळी. खानदेशातल्या टॉकीजच्या आठवणीही येऊ द्या.


लोकोशेड (भुसावळ)

तापीकाठ, धागा फार आवडला. तुम्ही कॅमेऱ्याबद्दल लिहिलंत, मी मशीनबद्दल लिहितो. माझे थोरले काका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. लहानपणी कितीतरी सिनेमे मी पडद्यासमोर बसून पाहण्याऐवजी केबिनच्या चौकोनी भोकातून पाहिले.

तेव्हा प्रोजेक्टरमध्ये बल्ब नसे, कार्बनच्या दोन कांड्या असत. दोन्हींच्या टोकांमध्ये थोडी फट ठेवायची, तिथे वीज उडी मारते आणि पांढराशुभ्र उजेड पडतो. कांड्या जळत जातात तशी फट वाढते, म्हणून ऑपरेटरने हाताने त्या पुढे सरकवत राहायचं. लक्ष उडालं की पडदा पिवळट होणार, मग फडफडणार, मग खालून शिट्ट्या. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकतो, तो दिसला की दुसऱ्या मशीनवर जायचं. काका म्हणायचे, मारामारीच्या सिनेमात उजेड थोडा इकडेतिकडे झाला तर कुणाला कळत नाही, 'कोहरा' लागला की डोळ्यात तेल घालून बसावं लागतं. कारण त्यात अर्धा पडदा काळाच. उजेड जरा घसरला की तो काळा मातकट होतो आणि भीती गेलीच.

आता मुद्द्याची गोष्ट. कृष्णधवल फिल्मवर जे चित्र असतं ते चांदीचं असतं. खरी चांदी, बारीक कणांच्या रूपात. रंगीत फिल्म धुताना ती चांदी काढून टाकतात आणि मागे राहतात रंगद्रव्यं. ती वर्षांगणिक उडत जातात. म्हणून साठ-सत्तरच्या दशकातल्या रंगीत प्रिंट गुलाबी-तांबूस पडलेल्या दिसतात. आभाळ गुलाबी, झाडं गुलाबी, नायकही गुलाबी. काळ्या-पांढऱ्या प्रिंटवर ओरखडे येतील, तुकडे पडतील, पण नीट ठेवली तर तिचा काळा काळाच राहतो. माझ्या मते या चित्रपटांच्या टिकण्यात त्या चांदीचाही वाटा आहे. 'बीस साल बाद'ची बरी प्रत मिळाली तर आजही ती रात्र १९६२च्या प्रेक्षकाने पाहिली तशीच दिसते.


शिरपूरकर_आप्पा

भाऊ, मी धाकला व्हतू तवय सारंगखेडानी जत्रामा तंबूनी टाकीज ये. थंडी कितली! घोंगडी लिसन जाऊत.

पुढचं मराठीत लिहितो, सगळ्यांना कळावं म्हणून. दत्तजयंतीची यात्रा, एका बाजूला घोड्यांचा बाजार, दुसरीकडे तमाशाचे फड आणि मधे ही टॉकीज. पडद्याच्या दोन्ही अंगांना माणसं बसत. मागच्या अंगाला तिकीट कमी, पण चित्र उलटं. पाट्या वाचता येत नसत, पण भीती दोन्हीकडे सारखीच लागे. 'बीस साल बाद' मी असाच मागून पाहिला. गाणं सुरू झालं आणि जनरेटर बंद पडला. सगळा तंबू काळा ठिक्कर. पडद्यावरचा अंधार कुठे संपला आणि तापीकाठचा कुठे सुरू झाला, कळेना. एरवी वीज गेली की शिव्या देणारे लोक, त्या रात्री एक माणूस बोलला नाही. घरी जाताना सगळे घोळक्याने चालले.


गिरणाकाठची

आप्पा, वाचताना काटा आला.

माझा मुद्दा गाण्यांचा. परदेशी रहस्यपटांत जे काम सावली करते ते आपल्याकडे गाण्याने केलं. 'महल'मधलं 'आएगा आनेवाला' आठवा. आवाज लांबून येतो, जवळ येतो, पुन्हा हरवतो. लताबाई माइकपासून दूर उभ्या राहून गात गात पुढे आल्या, असं त्या ध्वनिमुद्रणाबद्दल सांगतात. पहिल्या तबकडीवर गायिकेचं नाव 'कामिनी' होतं, म्हणजे चित्रपटातल्या पात्राचं. कोण गातंय हे पडद्यावरच्या नायकाला कळत नव्हतं आणि रेडिओ ऐकणाऱ्यालाही! त्याचे संगीतकार खेमचंद प्रकाश पुढच्याच वर्षी गेले. त्यांनी घालून दिलेली वाट मात्र राहिली. 'बीस साल बाद'मध्ये हेमंतकुमारांनी 'कहीं दीप जले कहीं दिल' केलं, त्यासाठी लताबाईंना फिल्मफेअर मिळालं. 'वो कौन थी?'मध्ये मदनमोहन यांनी 'नैना बरसे' केलं. तिन्ही गाण्यांचं कथेतलं काम एकच, नायकाला घराबाहेर ओढून काळोखात नेणं. रहस्य कळल्यावरही आपण हे चित्रपट बघतो, कारण गाणं कितीदाही ऐकता येतं.

दुसरी गोष्ट जरा मनापासून लिहिते. हे चित्रपट घरातल्या बायकांनी वेगळ्या डोळ्यांनी पाहिलेत. माझी आजी आणि तिच्या जावा दुपारी टीव्हीवर 'वो कौन थी?' बघायच्या. आम्हा पोरांना ती बाई भूत आहे का याची उत्सुकता. त्यांचं लक्ष दुसरीकडेच. लग्न करून आणलेली मुलगी, नवऱ्याला तिचा संशय, आणि ती काहीही बोलली तरी तिच्यावर विश्वास नाही. आजी म्हणायची, 'तिले कोनी इचारतच नही ना!' नायक घाबरलेला आहे हे आपल्याला सतत दाखवतात. पण त्या घरात सगळ्यात जास्त घाबरलेली तीच आहे, हे दुसऱ्यांदा बघताना कळतं. पहिल्या वेळी आपण नायकाच्या बाजूने बघतो, शेवट कळल्यावर तिच्या बाजूने. तेच प्रसंग, तेच संवाद, तिच्या चेहऱ्यावरची भीती मात्र आता दिसायला लागते. तापीकाठ दादा, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे. दुसऱ्या खेपेला तो वेगळाच चित्रपट असतो.

'कोहरा'तही तेच. नवी सून, मोठं घर, भिंतीभिंतीतून जाणवणारी पहिली बायको. ललिता पवार त्यात घर सांभाळणाऱ्या दाईच्या भूमिकेत आहेत. हॉलिवूडमध्ये हीच गोष्ट 'रिबेका' (१९४०) म्हणून आली होती, त्यातलीही घर सांभाळणारी बाई थंडगार आहे. पण ललिताबाईंची नजर आपल्या ओळखीची आहे. अशा घरातल्या जुन्या बाया आपण पाहिलेल्या असतात. येवल्याच्या त्या, म्हणजे आपल्या शिवेवरच्याच.


बांभोरी_वसतिगृह

सर्वांना नमस्कार. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका.

तुमच्या आठवणी टॉकीजच्या, तंबूच्या, आजीच्या आहेत. त्या काढून टाकल्या तर चित्रपट किती उरतो? मी 'बीस साल बाद' मोबाइलवर पाहिला. प्रत इतकी खराब होती की काळ्या भागात नुसते चौकोन हलत होते. विनोदी प्रसंग लांबलेले वाटले. भीती वाटली नाही. मला वाटतं, ओढ चित्रपटापेक्षा तुमच्या तरुणपणाची असावी.

पण मग आमच्या खोलीत एकाने 'एम' लावला. १९३१चा जर्मन, फ्रिट्झ लांगचा. त्या काळाची मला कसलीच आठवण नाही, भाषा कळत नाही, खाली इंग्रजी अक्षरं वाचायची. सुरुवातीला एक आई मुलीची शाळेतून यायची वाट बघतेय. ताट मांडून ठेवलंय. ती हाक मारते आणि कॅमेरा रिकामा जिना दाखवतो. पुन्हा हाक, रिकामा माळा. पुन्हा हाक, रिकामं ताट. मग गवतात घरंगळत आलेला चेंडू आणि वरच्या तारांत अडकलेला फुगा. मुलीला काय झालं ते दाखवतच नाहीत. खोलीत आम्ही सहा जण होतो, कुणी काही बोललं नाही. एक जण उठून बाहेर गेला आणि घरी फोन लावून बहिणीशी बोलत बसला.

तेव्हा माझा प्रश्न असा आहे. ही ताकद काळ्या-पांढऱ्या रंगाची आहे की न दाखवण्याची? न दाखवणं तर रंगातही जमेल.


तापीकाठ (जळगाव)

बांभोरी, राग कसला! धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न तुम्हीच विचारलात.

याची परीक्षा घ्यायची एक सोपी सोय आपल्याकडे आहे आणि ती मराठीमुळे आहे. राजा परांजपेंचा 'पाठलाग' १९६४चा, कृष्णधवल. त्याच कथेवर राज खोसलांनी १९६६मध्ये 'मेरा साया' केला, तो रंगीत. मेलेल्या बायकोचा शोक करणारा वकील, आणि पोलिसांनी पकडून आणलेली हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी बाई, जी कोर्टात म्हणते की मीच तुमची बायको. दोन वर्षांच्या अंतराने तीच गोष्ट दोन तऱ्हांनी. शिवाय खोसला आणि साधना हीच जोडी 'वो कौन थी?'ची. म्हणजे एकच दिग्दर्शक काळ्या-पांढऱ्यात काय करतो आणि रंगात काय करतो, तेही ताडून बघता येतं.

'मेरा साया' मला आवडतो, तेही सांगून टाकतो. मदनमोहन यांची गाणी आहेत, सुनील दत्त आहे. पण उदयपूर आलं की डोळे भटकतात. तलावातला महाल, साड्यांचे रंग, बरेलीच्या बाजारातला झुमका. बघायला इतकं आहे की संशय विसरायला होतो. 'पाठलाग'मध्ये डोळ्याला पळायला जागाच नाही. कोर्टात अभिनेत्री भावना उभी आहे, समोर काशिनाथ घाणेकर, आणि आपल्याला बघायला फक्त दोन चेहरे. 'या डोळ्यांची दोन पाखरे' हे गाणं घ्या. गदिमांचे शब्द, दत्ता डावजेकरांची चाल, आशाबाईंचा आवाज. पहिल्यांदा ऐकताना ते गोड प्रेमगीत वाटतं. कथा पुढे सरकली की तेच शब्द अंगावर येतात, कारण त्यात सदैव पाठलाग करण्याचं वचन आहे आणि वचन देणारी बाई मेलेली आहे. रंगीत महाल दाखवून हे साधलं नसतं.

न दाखवणं रंगातही जमतं, हे कबूल. यश चोप्रांचा 'इत्तेफाक' (१९६९) रंगीत आहे, गाणी नाहीत, जवळजवळ सगळा एका घरात घडतो आणि पकड सुटत नाही. पण तिथे दिग्दर्शकाला बरंच काही मुद्दाम काढून टाकावं लागलं. काळ्या-पांढऱ्यात जगाची अर्धी माहिती आधीच काढलेली असते. रक्त आहे की शाई, साडी हिरवी की लाल, संध्याकाळ की पहाट, हे पडदा सांगत नाही, आपण ठरवतो. रहस्यपटाला असा ठरवत बसणारा प्रेक्षकच हवा असतो.

मोबाइलवरच्या चौकोनांबद्दल मात्र तुमच्याशी शंभर टक्के सहमत. त्या प्रतीवरून 'बीस साल बाद'ला जोखू नका. चांगली प्रत मिळवून, खोलीतला दिवा घालवून, एकदा मोठ्या पडद्यावर बघा.


फोटोवाला_चाळीसगाव

लग्नाचे फोटो काढतो, त्यामुळे उजेडाबद्दल दोन शब्द बोलायचा हक्क आहे असं समजतो.

रंगीत फोटोत लाल शालूतली नवरी हिरव्या भिंतीपुढे उभी केली की ती आपोआप उठून दिसते. तोच फोटो काळा-पांढरा केला तर लाल आणि हिरवा दोन्ही एकाच राखाडीत मिसळू शकतात, नवरी भिंतीत बुडते. मग तिला भिंतीपासून सोडवायचं कशाने? उजेडाने. मागून एक दिवा, म्हणजे केसांच्या आणि खांद्याच्या कडेला उजेडाची रेघ येते. बाजूने एक दिवा, म्हणजे चेहऱ्याचा अर्धा भाग काळा राहतो. त्या काळच्या छायाचित्रकाराला प्रत्येक चौकटीत हा निर्णय घ्यावाच लागे, त्यातून सुटका नव्हती. म्हणून व्ही. के. मूर्तींचा 'सी.आय.डी.' (१९५६) बघताना साधी खोलीसुद्धा काहीतरी लपवून असल्यासारखी वाटते. 'द थर्ड मॅन' (१९४९)मध्ये तर व्हिएन्नाच्या रस्त्यांवर पाणी मारून शूटिंग केलं, का तर ओल्या दगडावर दिव्याचा उजेड तुटून पडतो आणि सावली दुप्पट काळी दिसते. त्यात एका दारात कुणीतरी उभं आहे. मांजर येऊन त्याच्या बुटांत घोटाळतं. वरच्या मजल्यावर कुणीतरी दिवा लावतं आणि त्या उजेडाच्या पट्ट्यात चेहरा येतो. छायाचित्रकार रॉबर्ट क्रास्करला या कामासाठी ऑस्कर मिळालं.

आता आमच्या गावचं. चाळीसगाव म्हटलं की मला केकी मूस आठवतात. स्टेशनाजवळच्या बंगल्यात हा पारशी कलावंत जवळजवळ सगळं आयुष्य दाराआड राहिला. १९८९च्या डिसेंबरअखेरीस गेले. बंगल्याला त्यांनी नाव दिलं होतं रेम्ब्राँ या चित्रकाराचं, ज्याच्या चित्रात काळोखातून चेहरे वर येतात. मूस यांचं नाव झालं ते टेबल-टॉप छायाचित्रणासाठी. टेबलावर छोटे देखावे मांडायचे, उजेड असा टाकायचा की बघणाऱ्याला खरी वाट, खरं रान, खरी रात्र वाटावी. बाहेर न पडता त्यांनी सगळं जग टेबलावर उभं केलं. त्यांच्याबद्दल सांगतात की पंजाब मेल यायच्या वेळेला ते रोज दार उघडून वाट बघत, मुंबईला मागे राहिलेल्या एका मुलीची. ती येणार म्हणून जेवणाची तयारी आणि फुलं ठेवत. खरं किती, सांगोवांगी किती, ते जाऊ द्या.

त्यांची छायाचित्रं आजही चाळीसगावात बघायला मिळतात. बांभोरीच्या मित्राने एकदा यावं. एका फोटोपुढे पाच मिनिटं उभं राहायचं. प्रथम उजळ भाग दिसतो, मग हळूहळू काळ्यातही काळ्याच्या छटा दिसायला लागतात आणि त्या छटांत वस्तू. 'महल' किंवा 'कोहरा' बघताना डोळा हेच करत असतो. त्यासाठी वेळ लागतो, आणि ते जुने दिग्दर्शक चौकट तेवढा वेळ धरून ठेवत. हल्ली दोन सेकंदात कट. डोळा काळोखात शिरायच्या आत बाहेर काढतात.


बांभोरी_वसतिगृह

फोटोवाला काका, येतो नक्की. पंजाब मेलची गोष्ट ऐकली नव्हती. त्यावरच एक चित्रपट व्हायला हवा, आणि काळा-पांढराच.

'पाठलाग' काल रात्री पाहिला. कोर्टातल्या प्रसंगांत मी पॉज करून पाणी प्यायलाही उठलो नाही. एवढंच सांगतो.


पांझरा_धुळे

सगळं वाचलं, आणि थोडं कडू बोलणार आहे. काळा-पांढरा आहे म्हणून कुठल्याही जुन्या रहस्यपटाला डोक्यावर घेऊ नका. त्या काळात रद्दीही खूप निघाली. दरवाजा करकरला, वटवाघूळ उडालं, खोटी दाढी लावलेला माणूस खिडकीतून डोकावला, झाला रहस्यपट! ते कुणी पुन्हा बघत नाही आणि बघूही नये.

माझ्या लेखी सगळ्यात वर 'कानून' (१९६०). बी. आर. चोप्रांनी त्यात एकही गाणं घेतलं नाही. त्या काळात! गिरणाकाठची ताई, तुमच्या गाण्याच्या मुद्द्याला हे उत्तर समजा. हवेली नाही, धुकं नाही, पांढरी साडी नाही. एक सरकारी वकील आहे, त्याने डोळ्यांनी एक खून पाहिला आहे, आणि ज्याला पाहिलं तोच न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून दुसऱ्याच माणसावर त्या खुनाचा खटला चालवतोय. वकिलाचं त्या न्यायाधीशाच्या मुलीशी लग्न ठरलेलं. आता बोला! न्यायाधीश झालेत अशोककुमार. हा खंडव्याचा माणूस कायदा शिकायला कलकत्त्याला गेला होता, ते शिक्षण सोडून सिनेमात आला. त्यांचा तो चेहरा बघा. त्यावर अपराध आहे की नुसता थकवा, हे शेवटपर्यंत कळू देत नाही. इथे भीती काळोखाची नाहीच. आपण ज्याला मानतो तोच तसा निघाला तर काय, याची आहे. ती साठ साली जेवढी खरी होती तेवढीच आज आहे. म्हणून 'कानून' तिसऱ्यांदा बघितला तरी पोटात गोळा येतो.

आता एक कामाचा प्रश्न. थंडीत आमच्या भावाच्या मळ्यात भरताचा बेत असतो. यंदा भिंतीवर सिनेमा लावायचं ठरलंय. दहा ते सतरा वयाची आठ-नऊ पोरं असतील. पहिला कोणता लावू? मला 'कानून'च लावायचाय, घरचे नको म्हणतात.


गिरणाकाठची

ताई, 'कानून'चं मान्य! पण दहा वर्षांच्या पोराला कोर्ट झेपणार नाही. 'बीस साल बाद' लावा. हवेली आहे, दलदल आहे, गाणी आहेत, आणि असित सेनचा जासूस गोपीचंद त्या वयाच्या पोरांना हमखास आवडतो. मोठ्यांसाठी मग उशिरा 'कानून'.


लोकोशेड (भुसावळ)

गिरणाकाठचीला माझा दुजोरा. आणि पांझराताई, मशीनवाल्याच्या चार सूचना. चुना उखडलेली भिंत नको, गुळगुळीत पांढरा पडदा किंवा घट्ट ताणलेली चादर घ्या, सुरकुती नको. प्रोजेक्टरचा उजेड पूर्ण वर ठेवू नका, कमी करा, नाहीतर काळ्याचा राखाडी होतो. 'व्हिव्हिड' वगैरे सेटिंग बंद. विहिरीवरचा बल्ब घालवा, आणि चुलीचा जाळ पडद्याच्या समोर नको, पाठीशी असू द्या. पौर्णिमा टाळा. स्पीकर पडद्यापाशी ठेवा, प्रोजेक्टरपाशी नको. गाणं त्या हवेलीतून यायला हवं.


शिरपूरकर_आप्पा

जनरेटर ठेवा बरं का, डिझेल भरीसन!


पांझरा_धुळे

ठरलं. अमावास्येच्या आधीचा शनिवार धरला आहे. आधी 'बीस साल बाद', पोरं झोपली की 'कानून'. बांभोरी, तुमच्या खोलीतली सहाही जणं या. धुळ्याच्या बसस्टँडवरून न्यायला गाडी पाठवते. भरीत, कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा असेल. पोरांनी काय म्हटलं ते इथेच लिहीन.